पहिल्या यानातली मुलगी

"अहो ताई, अशी कुणी मुलगीच नाहीये त्यात," शेजारच्या टेबलावरचा पोर्सेलीनवाला हसत म्हणाला, आणि तिच्या हातातली मेणाची सुरी होती तिथेच थांबली. समोर वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता, त्यावर गुलाबी मेणाची कड, आणि त्या मेणात तिनं नुकतेच चार पुढचे दात रोवले होते. ती कवळ्या करायची. पोर्सेलीनवाला एकेकटे दात करायचा, पांढऱ्या भुकटीचे थर देऊन, भट्टीत भाजून. बारा माणसांच्या त्या दातांच्या कारखान्यात दोघंच पन्नाशीच्या पुढची, म्हणून शेजारी बसवलेली. तसा तो मुखदुर्बळ, पण 'सातवं बंदर' म्हटलं की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. त्या सिनेमाचे पाचही भाग त्याला तोंडपाठ होते. आता पहिला भाग त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा मोठ्या पडद्यावर लागणार होता, रविवारी सकाळी अकराला, आणि त्याच्या चाहत्यांच्या मंडळानं ठरवलं होतं की खेळाच्या आधी लोकांनी उभं राहून आपापली आठवण सांगायची. लहानपणी पहिल्यांदा कसा पाहिला, कुणाबरोबर, काय वाटलं. आठवडाभर तो टेबलाटेबलावर फिरून आठवणी गोळा करत होता. तिलाही विचारलं. आणि ती, जिनं या माणसाला दोन वर्षांत स्वतःबद्दल धड दोन वाक्यं सांगितली नव्हती, भाबडेपणानं बोलून गेली, "मला ती मुलगी आवडायची. यानाच्या बाहेर जाऊन दुरुस्ती करते ती. सगळ्यांत सुंदर तरंगते ना, ती."

"पहिल्या भागात पाच माणसं आहेत. चार पुरुष आणि एक डॉक्टरीणबाई," तो बोटांवर मोजत म्हणाला. "बाहेर जाऊन दुरुस्ती करतो तो टकला मेकॅनिक. तुमच्या डोक्यात दुसराच कुठला तरी सिनेमा असणार."

"असेल," ती म्हणाली.

असेल म्हणाली खरी, पण त्यानंतर बसवलेला पाचवा दात तिरका बसला. उपटून पुन्हा लावला, पुन्हा तिरका. कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं हसू तिच्या हातून बिघडत होतं. तिनं सुरी दिव्यावर धरली आणि मेणाचा वास नाकात गेला, पण आठवला तो प्लास्टरचा. ओलं प्लास्टर घट्ट होताना आधी गरम होतं, हे तिला नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. कमरेपासून घोट्यापर्यंत तिला ते चढवलं तेव्हा हळूहळू ऊब आली होती, कुणी तरी कुशीत घेतल्यासारखी, आणि तिला वाटलं होतं, एवढंच ना, मग काय हरकत आहे. मग ते थंड पडलं, आणि अकरा महिने थंडच राहिलं. खुब्याच्या हाडाला रोग झाला होता. खिडकीपाशी एक खाट, छताला एक ओलीचा डाग, दुपारी रस्त्यावरून पोरांचे आवाज. तिच्या मैत्रिणी पहिला महिना आल्या, दुसऱ्या महिन्यात दोघी आल्या, मग त्यांनाही शाळा होती, खेळ होते. आई दिवसभर कापड दुकानात उभी असायची आणि संध्याकाळी पाय चोळत बसायची. वडील नव्हतेच. उरला दादा. दादा चौदा वर्षांचा होता, आवाज फुटत होता, मधूनच कोंबड्यासारखा चिरकायचा, आणि त्यामुळे बाहेर तो फार बोलत नसे. जे बोलायचं ते तिच्यापाशी येऊन बोलायचा.

एका रविवारी तो वर्गातल्या पोरांबरोबर तो सिनेमा पाहून आला आणि बूट न काढता थेट खाटेवर येऊन बसला. आई ओरडली तरी उठला नाही. "थांब, विसरायच्या आत सांगतो," म्हणाला आणि सांगायला लागला. एक यान आहे. ज्या ग्रहावरून निघालं तो ग्रह आता राहिलेला नाही. आभाळात सात बंदरं आहेत असं एका जुन्या नकाशात लिहिलंय, सहा बंदरांवर त्यांना कुणी उतरू देत नाही, सातवं कुणी पाहिलेलं नाही. दादानं हे सांगताना खोलीतला दिवा मालवला, बॅटरी तिच्या प्लास्टरवर धरली आणि बोटांच्या सावलीचं यान तिच्या मांडीवरून गुडघ्याकडे नेलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला आणि पुढचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आणखी पुढचं. पेन्सिलीनं त्यानं प्लास्टरवर यानाचा नकाशा काढला, घोट्यापाशी इंजिन, गुडघ्यावर झोपायच्या खोल्या, खुब्यापाशी कप्तानाची खुर्ची. दोन तासांचा सिनेमा त्याला चाळीस दिवस पुरला. "एवढा मोठा असतो का रे सिनेमा?" तिनं एकदा विचारलं. "याला तीन मध्यंतरं होती," तो शांतपणे म्हणाला.

सुरी थंड झाली होती. ती पुन्हा दिव्यावर धरताना तिला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे, होती ती आतच, पण आजवर तिच्या कानावर पडली नव्हती. पाचव्या का सहाव्या दिवशी तिनं विचारलं होतं, "त्यात मुलगी नाही का रे दादा एकपण?" दादानं कान खाजवला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग तो म्हणाला, "आहे ना. आहे की. अजून यायची आहे ती." एवढंच. ती सायकल जाईपर्यंतचा तो थांबलेला क्षण, तो चिरका आवाज एकाएकी जरा जास्तच सरळ झालेला. पुढच्या दिवसापासून मुलगी आली. नऊ वर्षांची. यानात चालायचं नसतंच मुळी, दादा म्हणाला, तिथे वजन नाही, सगळे तरंगतात. मोठ्या माणसांना ते जमत नाही, कारण त्यांना चालायची खोड लागलेली असते, ती उगाच पाय मारत राहतात आणि भिंतीवर आपटतात. ही मुलगी मात्र लहानपणापासून पडूनच होती, तिला चालायची सवय नव्हती, म्हणून ती माशासारखी जायची. यान बाहेरून फुटलं की कप्तान म्हणायचा, तिला बोलवा. हे ऐकताना नऊ वर्षांच्या तिला काय झालं होतं ते तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. छातीत काही तरी सैल झालं होतं, बस. रात्री डोळे मिटले की खाट जमिनीपासून वीतभर वर उचलली जायची.

तिनं तो सिनेमा पाहिला नव्हता. पण कुणी विचारलं तर ती 'पाहिलाय' म्हणायची, आणि ते खोटं आहे असं तिला कधी वाटलंच नाही. दोन वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा दादानं तिला नेलं. तोवर प्लास्टर निघालं होतं. करवत नकाशावरून सरळ गेली होती, इंजिन एका बाजूला आणि कप्तानाची खुर्ची दुसऱ्या बाजूला. आतून निघालेला पाय कुणा दुसऱ्याचा असावा तसा बारीक होता, आणि दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड. "प्लास्टर निघू दे, मग बघ कशी पळशील," असं दादा अकरा महिने म्हणत आला होता. ती पळाली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. दुसऱ्या भागात तिनं डोळे फाडफाडून पाहिलं, तर यानातली माणसं खुशाल चालत होती. तिनं अंधारात दादाची बाही ओढली. "हे नवीन यान आहे," तो कुजबुजला, "यात पाय धरून ठेवणारं यंत्र बसवलंय." आणि ती? "तिला हे यान आवडलं नाही. ती जुन्याच यानात राहिली." तिला ते पटलं. इतकं पटलं की पुढे मोठेपणी, घरोघरी टीव्हीवर जुने सिनेमे दिसायला लागले तेव्हाही तिनं पहिला भाग लावला नाही. जे एवढं स्वच्छ दिसतंय ते पुन्हा लहानशा काचेवर कशाला पाहायचं? आणि नंतर तर दादाचं नावच टाकलं, मग त्याचा सिनेमा कुठला.

नाव टाकलं ते आईपायी. सहा वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, सहा तासांच्या अंतरावर, आणि आई दादाकडे. दादाचा फोन आला तो मंगळवारी. "काही नाही गं, साधा ताप आहे. हवा बदललीय ना. सावकाश ये, रविवारी ये." बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी तिनं विचारलं, "आईला फोन दे," तर म्हणाला, "आत्ताच डोळा लागलाय." शुक्रवारी आई गेली. ती पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता आणि शेजारपाजारच्यांना सगळ्यांना, अगदी खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही, आठवडाभर माहीत होतं की ही बाई आता उठत नाही. माहीत नव्हतं ते फक्त तिला. जिन्यात, सगळ्यांच्या देखत, तिनं दादाला म्हटलं, "खोटारडा आहेस तू. जन्माचा खोटारडा." त्यानंतर तो फोन करत राहिला आणि ती कापत राहिली. मग तो नुसते निरोप धाडायला लागला. आज इथे गारवा आहे. जुन्या बाजारातला रस्ता उकरलाय, तिकडून जाऊ नकोस. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती याच शहरात कामाला आली, त्याच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर, तरी पाऊल उचललं नाही. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी वहिनीचा फोन आला. "दादा गेला तुझा. पहाटे." एवढंच. ती गेली, भिंतीला टेकून उभी राहिली, परत आली. दुसऱ्या दिवशी कामावरही आली. कुणाला कळलं नाही, आणि कळण्यासारखं तिच्या तोंडावर काही नव्हतंही.

रविवारी ती कशाला गेली हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित पोर्सेलीनवाल्याला खोटं पाडायला. थिएटर जुनंच होतं, फक्त खुर्च्या बदललेल्या. चाळीसेक माणसं, बहुतेकांचे केस पिकलेले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखं काही तरी. एकेक जण पुढे येऊन बोलू लागला. एक बसचालक म्हणाला की त्यानं तो बापाच्या खांद्यावर बसून पाहिला, आणि बापाच्या टोपीला तेलाचा वास यायचा, अजून यान सुटताना तोच वास येतो. एका निवृत्त नर्सनं सांगितलं की तिला तिकीट मिळालं नाही, म्हणून ती दाराबाहेर बसून नुसता ऐकत राहिली, आणि पुढे पाहिला तेव्हा ऐकलेलाच बरा वाटला. लोक हसले. एक जाडजूड माणूस दोन वाक्यं बोलला आणि त्याला पुढे बोलता येईना, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोर्सेलीनवाल्यानं लांबून तिला खूण केली, येता का? तिनं मान हलवली. नाही.

दिवे गेले. यान आलं. आणि पहिल्याच प्रसंगात पाच माणसं जाड बूट घालून लोखंडी फरशीवरून चालत आली, खाड खाड खाड. नंतरही ती चालतच राहिली. जिने चढली, धावली, एकदा तर नाचलीही. कुणी तरंगत नव्हतं. तरंगायला लावायचं तर तारा लागतात, यंत्रं लागतात, हे आता तिला कळत होतं, आणि हा सिनेमा गरिबीत काढलेला होता हे भिंतींच्या पुठ्ठ्यावरून दिसत होतं. सगळ्यांचे पाय धडधाकट होते. ती पाय बघत राहिली. गोष्ट मात्र तीच होती. सहा बंदरं तीच, नकार तेच. तरंगणं सोडलं तर दादानं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, संवाद तिला आधीच पाठ होते, ती ते ओठांत पुटपुटत होती. मग यान फुटलं. कप्तान म्हणाला, त्याला बोलवा. टकला मेकॅनिक आला, कमरेला दोर बांधला, आणि ढोपरांवर रांगत बाहेर गेला. तिनं डोळे मिटले. पण मिटल्यावरही टकलाच दिसत होता. त्रेचाळीस वर्षं जी न चुकता दिसायची ती दिसेना. तिनं खूप प्रयत्न केला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीचा हात दोन्ही हातांनी धरून बसलोय.

बाहेर ऊन होतं. पोर्सेलीनवाला धावत आला. "काय ताई, पाहिलंत? होती का मुलगी?"

"नव्हती."

"मी म्हटलं नव्हतं!" तो खुशीत म्हणाला, आणि मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तुम्ही म्हणता तशी असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तो टकल्याचा प्रसंग मलाही कधी फारसा आवडला नाही."

ती घराच्या बसमध्ये चढली नाही. दादाच्या घराकडे जाणारी बस आधी आली आणि ती तिच्यात बसली, असंच म्हणायचं. तिसरा मजला. ती कठडा धरून एकेक पायरी चढली, आखूड पाय आधी, मग दुसरा. वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ये म्हणाली नाही, का आलीस म्हणालीही नाही. खोलीत कपाटाची दारं सताड उघडी होती आणि पलंगावर दादाचे कपडे ढिगानं पडले होते, काही घड्या घातलेले, काही तसेच. वहिनीनं चहा ठेवला. दोघी स्वयंपाकघरात बसल्या, मध्ये टेबल.

"वहिनी, दादा तुला कधी एका मुलीची गोष्ट सांगायचा?" तिनं विचारलं. "यानातल्या?"

वहिनीनं विचार केला. "नाही बाई. मला नाही सांगितली कधी." आणि मग कपात बघत म्हणाली, "मला काहीच सांगितलं नाही. एवढा आजार अंगात घेऊन हिंडत होता वर्षभर, मला शेवटच्या दोन आठवड्यांत कळलं. तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. याच्या तोंडी एकच, काही नाही गं, जरा थकवा आहे." तिचा आवाज चढला. "तू निदान जिन्यात ओरडलीस त्याच्यावर. मला तेवढंसुद्धा जमलं नाही. पडलेल्या माणसावर कसं ओरडायचं?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं की फसवली गेलेली ती एकटीच.

"लग्नाआधी मला म्हणाला होता, माझी बहीण फार भरभर चालते, तिच्याबरोबर चालताना दमछाक होते," वहिनी म्हणाली. "मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही दुसरी कुणी तरी असेल." दोघींनाही हसू आलं, आणि आलं तसं गेलं.

"मला का नाही कळवलंस?" ती म्हणाली. "दोन आठवडे होते तुझ्याकडे."

"कळवणार होते. फोन हातात घेतला होता. त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, तिला धावायला लावू नकोस." वहिनीनं कप सरकवला. "आईंच्या वेळीही तेच. मी मंगळवारीच म्हटलं होतं, तिला बोलाव. तर म्हणे, सहा तास बसमध्ये पाय लोंबकळवत बसेल, उतरेल तेव्हा उभं राहवणार नाही तिला. रविवारी तिला सुट्टी असते, मध्ये मध्ये उतरून विसावा घेत सावकाश येईल. आई तोवर थांबतील असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. असली गणितं करायचा तो."

ती ऐकत होती आणि तिच्या आत काही तरी हळूहळू तापत होतं. हे ऐकून आपण विरघळायला हवं, असं तिला कुठे तरी जाणवत होतं. ती विरघळली नाही. "पाय माझा होता," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की वहिनी दचकली. "माझा होता ना? दुखला असता तर दुखला असता. आईला एकदा बघितलं असतं मी. त्याला बघितलं असतं. खुरडत आले असते, पण आले असते. त्याला कुणी सांगितलं होतं माझ्या पायाची काळजी करायला? नऊ वर्षांची होते तेव्हा केली, तेवढी पुरे नव्हती? किती वर्षांची झाले मी!" आणि मग ती रडली. जबडा वाकडा करून, नाक गळेपर्यंत, लहान पोर रडतं तशी. तिला वाटलं होतं वहिनी समजूत घालेल. वहिनीनं घातली नाही. ती टेबलापलीकडे बसून स्वतःही रडत होती, तिच्या वेगळ्या कारणांसाठी, आणि मध्येच म्हणत होती, "बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर आहे." आणि एकदा म्हणाली, "गाढव होता." ती म्हणाली, "होता." आणि हे म्हणताना तिला कळलं की सहा वर्षांत ती पहिल्यांदाच दादाबद्दल कुणाशी तरी बोलतेय.

ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. चहाला साय धरली होती, वहिनीनं तो ओतून दिला आणि पुन्हा आधण ठेवलं. मागे वळताना वहिनीनं पाहिलं की ती टेबलाखाली एका हातानं मांडी दाबून बसली आहे. दादाच्या घरात, आईच्या घरात, कारखान्यात, कुठेही कुणी पायाचं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, प्रश्न पुरा व्हायच्या आत ती 'छे, कुठे' म्हणून मोकळी व्हायची.

"पाय दुखतोय का गं?" वहिनीनं विचारलं.

तिनं तोंड उघडलं. मग थांबली.

"हो," ती म्हणाली. "फार दुखतो. रोजच दुखतो."